मोटारसायकलची उंची आणि वळणाचे गणित

यंत्रशास्त्र हा आमचा विषय नव्हे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. वर्गात शिकवितो ते मराठी आणि इतिहास, आणि घरी बोलतो ती कोंकणी. तेव्हा शाळेच्या वार्षिकांकासाठी आम्ही मोटारसायकलवर लेख लिहावा याचे पुष्कळांस नवल वाटेल. परंतु एका माजी विद्यार्थ्याने आम्हांस एकदा एक प्रश्न विचारला होता आणि आम्ही तो हसण्यावारी नेला होता. त्याचे उत्तर आम्ही शोधले, पण फार उशिरा. ते तुमच्यापर्यंत तरी वेळेवर पोहोचावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा विद्यार्थी शाळेत असताना प्रार्थनेच्या रांगेत नेहमी पहिला उभा असे. रांग उंचीप्रमाणे लागत असे, एवढेच त्याचे कारण. पुढे तो शिकला, नोकरीस लागला, आणि पहिल्याच वर्षी त्याने हप्त्यांवर एक स्पोर्ट जातीची मोटारसायकल घेतली. गाडी देखणी होती. पण तिची बैठक उंच असल्यामुळे त्याच्या टाचा जमिनीस टेकत नसत. पेट्रोलपंपावर तो चवड्यांवर उभा राहिला की मित्र चेष्टा करीत. एके दिवशी शाळेच्या फाटकाशी भेटला असता त्याने विचारले, "सर, गाडी थोडी खाली उतरवून घेऊ का? चालविताना काही फरक पडेल का?" आम्ही म्हणालो, "अरे, ते मेकॅनिकला विचार. आम्हांस त्यातले काय कळते!" आणि दोघेही हसलो.

त्याने एका वर्कशॉपमध्ये गाडी उतरवून घेतली. तासाभराचे काम. पंधरा दिवसांनी तो स्नेहसंमेलनास आला, तेव्हा आंब्याखाली स्टँडवर लावलेली त्याची गाडी कोणीही हात न लावता उजव्या अंगास कोसळली. मुले हसली, तोही हसला. वस्तुतः त्या क्षणी गाडीने आम्हां सर्वांना एक इशारा दिला होता. तो वाचण्याइतके ज्ञान आमच्यापैकी कोणापाशी नव्हते. त्यानंतर महिन्याभरात बेळगावहून परतताना चोर्ला घाटातील एका डाव्या वळणावर गाडीची डावी बाजू रस्त्यास घासली, गाडी वळणाच्या बाहेर, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूस, सरकत गेली आणि पडली. समोरून येणाऱ्या ट्रकच्या चालकाने वेळीच ब्रेक दाबला म्हणून आमचा विद्यार्थी आज हयात आहे. गळ्याचे हाड मोडले, मनगट मोडले. डोके हेल्मेटने वाचविले.

रुग्णालयात त्यास पाहून आलो, त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. वेग त्याचा होता; तो दोष आम्ही झाकीत नाही. पण तो म्हणाला, "सर, ह्याच वळणावर ह्याच वेगाने मी अनेकदा गेलो आहे." मग ह्या खेपेसच असे का व्हावे? दुसऱ्या रविवारी आम्ही शाळेतील टेप, ओळंबा आणि मोठा कोनमापक घेऊन, ती गाडी जेथे दुरुस्तीस ठेवली होती त्या म्हाताऱ्या मेकॅनिकाकडे गेलो. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि कोंकणीत एकच वाक्य उच्चारले : "फाटल्यान देंवयलां, मुखार तशेंच दवरलां, मागीर ती घुंवतली कशी?" मागे खाली उतरविले, पुढे होते तसेच ठेवले, मग ती वळणार कशी? या एका वाक्याचा अर्थ आता आपण सावकाश उलगडून पाहू.

प्रथम गाडी उतरवितात म्हणजे काय करतात, ते पाहू. स्पोर्ट मोटारसायकलचे मागील चाक एका लोखंडी अथवा अ‍ॅल्युमिनियमच्या भुजेत बसविलेले असते. तिला आपले मेकॅनिक 'चिमटा' म्हणतात. चिमट्याचे पुढचे टोक सांगाड्यास खिळीने जोडलेले असते, त्यामुळे तो चाकासह वरखाली होऊ शकतो. चिमटा आणि शॉकअप यांना जोडणाऱ्या दुव्यात पुष्कळ गाड्यांत दोन लहान पट्ट्या असतात. या पट्ट्या काढून थोड्या अधिक लांबीच्या बसविल्या की बहुतेक गाड्यांची पाठ खाली बसते. पट्ट्या स्वस्त मिळतात आणि काम लवकर होते, म्हणून हा उपाय लोकप्रिय आहे. पुढची बाजू उतरवावयाची झाल्यास फोर्कच्या दोन्ही नळ्या ज्या क्लॅम्पांत धरलेल्या असतात ते सैल करून नळ्या थोड्या वर सरकवाव्या लागतात. यास वेळ, मोजमाप आणि काळजी लागते; म्हणून हे काम अनेकदा केलेच जात नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या गाडीत नेमके हेच झाले होते.

आम्ही मोजले तेव्हा तशाच दुसऱ्या गाडीच्या तुलनेने मागची बाजू चाकापाशी २५ मि.मी. खाली आली होती. परंतु बैठक? ती अवघी १७ मि.मी. खाली होती! कारण चालकाची बैठक मागील चाकाच्या वर नसून दोन चाकांच्या मध्ये, पुढच्या चाकापासून सुमारे दोन-तृतीयांश अंतरावर असते. फळीचे एक टोक एक इंच उतरविले तर फळीचा मधला भाग पूर्ण इंच उतरत नाही, हे तुम्हांस भूमितीने माहीतच आहे. एका मुलाने आपल्या पायांखाली १७ मि.मी. जमीन मिळविली, त्या बदल्यात त्याने काय काय गमावले, ते आता पाहू.

पहिली गोष्ट सुकाणूची. मोटारसायकलचा पुढचा फोर्क उभा सरळ नसतो, तो मागे कललेला असतो. ज्या अक्षाभोवती हँडल फिरते तो अक्ष ओळंब्याशी जो कोन करतो त्यास 'रेक' म्हणतात. स्पोर्ट गाड्यांत तो साधारण २४ ते २६ अंशांचा असतो. आता हा अक्ष मनाने खाली वाढवून जमिनीस भिडवा. तो जेथे जमिनीस मिळतो ती जागा, चाक जेथे जमिनीस टेकते त्या जागेच्या थोडी पुढे असते. या दोन बिंदूंतील अंतरास 'ट्रेल' म्हणतात. रुग्णालयातील खाटेची लहान चाके पाहा : खाट ढकलली की चाक आपल्या खिळीच्या मागे येते आणि सरळ रेषेत मुकाट्याने चालू लागते. मोटारसायकलचे पुढचे चाकही असेच आपल्या अक्षामागे ओढले जात असते, म्हणून ती वेगात सरळ चालते. ट्रेल वाढला की गाडीचे सरळ चालणे अधिक ठाम होते, पण वळविण्यास ती जड होते. ट्रेल घटला की ती चटकन वळते, पण खड्ड्यावर हँडल थरथरू लागण्याचे भय वाढते. गाडीची रचना करणारा अभियंता या दोहोंचा तोल साधून आकडा ठरवितो.

आता थोडे गणित करू. उदाहरणादाखल यामाहा आर-१५ घ्या. भारतात २०१८ साली आलेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीची बैठक जमिनीपासून ८१५ मि.मी., दोन चाकांच्या आसांतील अंतर १३२५ मि.मी. आणि गाडीचा तळ जमिनीपासून १७० मि.मी. आहे. १३२५ मि.मी. लांबीच्या गाडीचे मागचे टोक २५ मि.मी. उतरविले तर सबंध गाडी मागे एक अंशाहून किंचित अधिक कलते. कारण २५ भागिले १३२५ हे त्या कोनाचे टॅन्जंट होय. गाडी जितकी मागे कलली तितकाच रेक वाढला. ट्रेल काढण्याची रीत अशी : चाकाच्या त्रिज्येला रेकच्या साइनने गुणावे, त्यातून फोर्कचे ऑफसेट, म्हणजे सुकाणूचा अक्ष आणि चाकाचा आस यांतील अंतर, वजा करावे आणि बाकीस रेकच्या कोसाइनने भागावे. त्रिज्या ३०० मि.मी., ऑफसेट ३० मि.मी. आणि रेक २४ अंश असे सुटसुटीत आकडे घेतले तर ट्रेल सुमारे १०१ मि.मी. येतो. रेक एक अंशाने वाढवा. ट्रेल सुमारे १०७ मि.मी. होतो. दहावीचा विद्यार्थी हे गणित वहीत करून पाहू शकेल. सहा मि.मी. म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण ही वाढ ट्रेलच्या सहा टक्के आहे, आणि शर्यतीतील तंत्रज्ञ एकदोन मि.मी.च्या फेरफारासाठी तासन् तास घालवितात. थोडक्यात, पाठ उतरविलेली गाडी वळणात शिरण्यास नाखूष होते.

याच्या उलट चूकही होते. मागे हात न लावता केवळ फोर्क उतरविला, तर रेक आणि ट्रेल घटतात. गाडी सुरुवातीस चपळ भासते, चालकास आनंद होतो. आणि मग एखाद्या दिवशी मोठ्या वेगात खड्डा लागताच हँडल हातांत फडफडू लागते. म्हणून जो कोणी गाडी उतरवू इच्छितो त्याने दोन्ही बाजू सारख्याच उतरविल्या पाहिजेत. असे केले म्हणजे कल बदलत नाही, म्हणून रेक व ट्रेल जवळजवळ पूर्ववत राहतात.

दुसरी गोष्ट भाराची. पाठ खाली गेली की गाडीचा आणि चालकाचा भार किंचित मागच्या चाकाकडे सरकतो व पुढचे चाक तेवढे हलके होते. वळणात गाडीची दिशा राखावयाची ती पुढच्या चाकाने. त्याच्यावर भार कमी, तर त्याची जमिनीवरील पकडही कमी.

तिसरी गोष्ट चिमट्याची, आणि ही पुष्कळ मेकॅनिकांच्याही ध्यानात येत नाही. मूळ गाडीत चिमटा मागे खाली उतरता असतो, आणि तो तसा असण्यास कारण आहे. ॲक्सिलरेटर पिळला की गाडीचा भार मागे जातो आणि पाठ दबू पाहते. पण त्याच वेळी चेनची ओढ आणि चाकाचा पुढे रेटण्याचा जोर या उतरत्या चिमट्यामार्फत सांगाड्यास मागे वर उचलून धरतात. हे दोन परिणाम एकमेकांस पुष्कळसे छेदतात. पाठ उतरविली की चिमटा आडवा होऊ लागतो, उचलण्याचा जोर कमी पडतो, आणि वळणातून बाहेर पडताना चालकाने वेग वाढविताच गाडी मागे बसते. मागे बसली की रेक आणखी वाढतो, पुढचे चाक आणखी हलके होते, आणि गाडी वळणाच्या बाहेरच्या कडेकडे ओढ घेते.

चौथी गोष्ट झुकण्याची. दुचाकी वळविताना ती आत झुकवावी लागते, हे सायकल चालविणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. किती झुकवावी लागते हेही ठरलेले आहे : झुकाव्याच्या कोनाचे टॅन्जंट म्हणजे वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या व गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार. या सूत्रात गाडीचे वजन नाही आणि चालकाची उंचीही नाही. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ४२ कि.मी. वेगाने जाणाऱ्या गाडीस हे टॅन्जंट सुमारे ०.६९ लागते, म्हणजे झुकाव सुमारे ३५ अंशांचा.

आता गाडी किती झुकू शकते ते पाहा. डाव्या अंगाचा सर्वांत अडचणीचा भाग, समजा दुमडलेला स्टँड, जमिनीपासून २०० मि.मी. उंच आणि गाडीच्या मध्यापासून २०० मि.मी. बाहेर आहे. वळणात स्प्रिंगा दबतात, आणि खड्डा लागला की अधिकच दबतात, ५० मि.मी. दबल्या असे धरू. उंची उरली १५०. टायरची रुंदी हिशेबात न घेता, झुकाव्याच्या मर्यादेचे टॅन्जंट झाले १५० भागिले २००, म्हणजे ०.७५. आपणांस हवे होते ०.६९, गाडी निभावून गेली. आता तीच गाडी त्या जागी १७ मि.मी. उतरवा. उंची उरली १३३; १३३ भागिले २०० म्हणजे ०.६६५. हवे ०.६९, मिळते ०.६६५. वळण तेच, वेग तोच, चालक तोच, आणि लोखंड रस्त्यास टेकले! हे आकडे आम्ही समजण्यासाठी सोपे करून घेतले आहेत. पण "ह्याच वेगाने मी अनेकदा गेलो आहे" या त्याच्या उद्गाराचे उत्तर त्यांतच आहे.

फुटरेस्ट टेकले तर ते बहुधा बिजागरीवर वर दुमडते आणि चालकास सूचना मिळते. पण स्टँड, सायलेन्सर अथवा सांगाड्याचा एखादा न दुमडणारा भाग टेकला, तर तो टेकूसारखा गाडीस वर उचलतो, चाकावरील भार काढून घेतो, आणि चाक घसरते. शिवाय गाडी याहून अधिक झुकूच शकत नसल्यामुळे ती तेवढी वळूही शकत नाही. आमच्या देशात आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. म्हणून डाव्या वळणावर बाहेर गेलेली गाडी थेट समोरच्या वाहनांपुढे जाते. आता मागील चारही गोष्टी एकत्र ठेवून पाहा. ट्रेल वाढला, पुढचे चाक हलके झाले, पाठ दबू लागली, झुकाव घटला : चौघांचीही ओढ एकाच दिशेस, वळणाच्या बाहेर. मेकॅनिकाच्या त्या वाक्याचा अर्थ हा असा होता.

येथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील की, गुरुत्वमध्य खाली असला म्हणजे वस्तू अधिक स्थिर असते असे आपण विज्ञानात शिकलो, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. टेबल, होडी किंवा चार चाकांची मोटार यांना ते लागू पडते, कारण त्यांचा पाया रुंद असतो. दुचाकीस रुंद पाया नाही. तिचा तोल चालती काठी सावरण्यासारखा आहे. तळहातावर लांब काठी उभी धरून पाहा, मग बुटकी पेन्सिल धरून पाहा. काठी सावरता येते, पेन्सिल सावरण्याआधीच पडते. कारण जितका गुरुत्वमध्य खाली तितके कोसळणे शीघ्र. त्यातून टायर रुंद असल्यामुळे, गुरुत्वमध्य खाली आलेल्या गाडीस त्याच वळणासाठी अगदी किंचित का होईना, अधिकच झुकावे लागते. वाढ अत्यल्प, पण दिशा उलटी : झुकावयाचे अधिक, आणि झुकण्यास जागा कमी.

तथापि एकच बाजू मांडणे शिक्षकास शोभत नाही. गाडी खाली असण्याचे खरे लाभही आहेत. जागेवर उभी असताना ती थोडी कलली तरी पायावर येणारा भार कमी असतो. जोराने ब्रेक लावताना पुढच्या चाकावर येणारा भार थोडा कमी होतो आणि वेग घेताना पुढचे चाक उचलले जाण्याचे भय कमी होते. म्हणूनच ४०२ मीटरच्या सरळ धावपट्टीवरील ड्रॅग शर्यतींत गाड्या मुद्दाम लांब आणि खाली केलेल्या असतात. तेथे वळणच नसते, म्हणून वळण्याचा तोटाही नसतो. आपल्या घाटांत सरळ धावपट्टी कोठे आहे?

या बाबतीत मोटोजीपी या जागतिक शर्यतीचे उदाहरण फार बोलके आहे. डुकाटीच्या तंत्रज्ञांनी २०१८ च्या सुमारास आरंभाच्या क्षणी गाडी खाली धरून ठेवणारी युक्ती आणली, आणि पुढे २०२० मध्ये धावतानाही पाठ खाली घेता येईल अशी सोय केली. इतर कारखान्यांनीही तेच केले. परंतु ध्यानात घ्या : पाठ खाली घेतात ती वळणातून बाहेर पडून सरळ रस्त्यावर येताना, आणि पुढच्या वळणाआधी ब्रेक लावताच ती पुन्हा वर येते. जगातील अत्यंत कुशल चालकदेखील उतरविलेल्या गाडीवर वळण घेत नाहीत. धावताना पुढची बाजू उतरविणाऱ्या यंत्रणेवर २०२३ पासून बंदी आली. आणि २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नियमांनुसार २०२७ च्या हंगामापासून अशा सर्वच यंत्रणांवर बंदी ठरविण्यात आली.

याखेरीज लहानसहान बाबी अनेक आहेत, आणि त्या लहान म्हणून सोडल्या की मोठ्या होतात. गाडी उतरली पण स्टँडची लांबी तीच राहिली, तर स्टँडवर लावलेली गाडी पुरेशी कलत नाही, जवळजवळ उभीच राहते, आणि वाऱ्याच्या झुळकेनेही पलीकडे कोसळते. आंब्याखाली घडले ते हेच. पाठ उतरली की हेडलाइटचा झोत वर उचलला जातो : एका अंशाने कललेला झोत तीस मीटरांवर अर्ध्या मीटरहून अधिक वर जातो आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपवितो. चिमट्याचा कोन बदलल्यामुळे चेनचा ताण बदलतो. तो पुन्हा जुळविला नाही तर चेन नको तेथे ताणली जाते. मागे कोणी बसले आणि मोठा खड्डा आला, तर टायर बैठकीखालच्या मडगार्डास घासू शकते. पुढे नळ्या अति वर सरकविल्या तर पूर्ण दबल्यावर पुढचे चाक अथवा मडगार्ड वरच्या भागास धडकू शकते. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनातील फेरबदलांविषयी आहे; कोणताही बदल करण्यापूर्वी ते समजून घ्यावे.

मग ज्याची वा जिची उंची कमी आहे, त्याने स्पोर्ट मोटारसायकल चालवूच नये काय? आमचे म्हणणे तसे मुळीच नाही. दानी पेद्रोसा या स्पॅनिश शर्यतवीराची उंची सुमारे १६० सें.मी. २००३ साली १२५ सी.सी. वर्गात आणि २००४ व २००५ साली २५० सी.सी. वर्गात तो जगज्जेता झाला. पुढे मोटोजीपी वर्गात त्याने ३१ शर्यती जिंकल्या. चालत्या मोटारसायकलला चालकाचे पाय जमिनीस लागतात की नाही याच्याशी कर्तव्य नसते. प्रश्न येतो तो फक्त थांबताना, आणि थांबण्याची एक रीत आहे. थांबण्याच्या क्षणी बैठकीवर किंचित डावीकडे सरकावे, उजवा पाय ब्रेकवर ठेवावा आणि डावा पाय पूर्ण तळव्यानिशी टेकावा. दोन्ही पायांच्या चवड्यांपेक्षा एका पायाचा भक्कम तळवा अधिक विश्वासाचा. थांबण्याची जागा आधीच पाहून ठेवावी; खड्ड्याच्या वा उताराच्या बाजूस पाय टाकू नये. मोकळ्या मैदानावर हा सराव जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली आठ दिवस करावा. अर्थात हे सर्व अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना हाती आल्यावर, त्यापूर्वी नव्हे.

एवढ्याने भागले नाही, तर प्रथम जाड तळव्याचे बूट घ्यावेत. त्यानंतर बैठकीतील फोम थोडा कमी करून तिच्या कडा अरुंद करून घ्याव्यात. कडा अरुंद झाल्या की मांड्या फाकत नाहीत आणि पाय सरळ खाली पोहोचतात. या उपायांत बूड थोडे दुखेल, पण रेक, ट्रेल, चिमटा आणि झुकाव यांपैकी कशासही धक्का लागत नाही. याउपरही गाडी उतरविणे भागच असेल, तर ती थोडीच आणि दोन्ही बाजूंनी सारखीच उतरवावी. स्टँड, चेन व हेडलाइट पुन्हा जुळवून घ्यावेत. मागे माणूस बसवून टायर कोठे घासते का ते पाहावे. आणि मुख्य म्हणजे झुकण्याची जागा घटली आहे हे ध्यानी धरून वळणावरचा वेग कायमचा कमी करावा. आणि ज्यास हे सर्व जड वाटेल त्याने आपल्या पायांस पोहोचेल अशीच गाडी घ्यावी. तीत कमीपणा नाही.

आमच्या विद्यार्थ्याचे मनगट आता बरे झाले आहे. म्हाताऱ्या मेकॅनिकाने मूळ पट्ट्या पुन्हा बसवून गाडीची पाठ पूर्ववत केली. गेल्या दिवाळीत तो शाळेच्या फाटकाशी आला, थांबताना बैठकीवर किंचित डावीकडे सरकला, एक पाय ठाम टेकला आणि म्हणाला, "सर, आता पूर्वीइतकीच उंच आहे." आम्ही गाडीकडे पाहिले नाही, त्याच्याकडे पाहिले.

तुमच्यापैकी कोणी आम्हांस उद्या असा प्रश्न विचारला, तर आम्ही पुन्हा हसून म्हणणार नाही की, आम्हांस त्यातले काय कळते. ठाऊक नसेल तर बरोबर बसून शोधू. टेप, ओळंबा आणि कोनमापक शाळेच्या कपाटात आहेतच.